मुठीतलं दही

कृतयुग तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं. त्या युगात माणसं खोटं बोलत नसत म्हणतात. खरं तर माणसंच इतकी थोडी होती की खोटं बोलायचं म्हटलं तरी कुणाशी बोलणार. त्या काळी अवंतीच्या रानात, क्षिप्रेच्या काठावर भूदेवीचं घर होतं. वसुंधरा, रत्नगर्भा, सर्वंसहा, सागरमेखला, अशी नावं तिला ढीगभर. अंगावर लुगडं मात्र एकच, हिरवं, तेही पदराशी विरलेलं. पोटात रत्नं असून काय उपयोग, चुलीवर कंदमुळंच शिजायची.

तिला लेकरांना तोटा नव्हता. झाडं तिची, गुरं तिची, मुंग्या तिच्या, आणि ती चार माणसं होती तीही तिचीच. पण मांडीवर घेऊन पाजलेला असा एकच, भौम. त्याचा जन्मही जगावेगळा. सती गेली आणि कैलासनाथ दुःखानं वेडेपिसे होऊन रानोमाळ फिरत होते. फिरता फिरता कपाळावरून घामाचा एक थेंब ओघळला आणि अवंतीच्या मातीत पडला. थेंबाचं झालं पोर. लालबुंद, मुठी वळलेलं, आणि रडायला लागलं ते असं की डोंगरांनी कानांवर ढग ओढून घेतले. महादेव नुसते बघत राहिले. त्रैलोक्याचा संहार करणारा देव तो, पण रडणारं पोर उचलायचं कसं, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. भूदेवीनं हात पदराला पुसले, पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. पोर गप्प.

महादेव म्हणाले, "धरे, थेंब माझा, पण दूध तुझं. हा तुझ्याच नावानं ओळखला जाईल." एवढं म्हणाले आणि निघून गेले. बाप म्हणून त्यांनी केलं ते एवढंच. पण शोकात असलेल्याला बोल लावू नये.

पोर गुणाचं निघालं. उलट उत्तर नाही, हट्ट नाही, जे पानात पडेल ते गोड. एकच खोट होती. तापलेल्या थेंबाचं पोर, त्याचं अंग निखाऱ्यासारखं. बसेल तिथलं गवत करपायचं. वासराला कुरवाळायला जावं तर वासराचे केस जळायचे. लेकराच्या ते ध्यानात आलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायची त्याला सवय लागली. आई त्याला चारचौघांत लोहित म्हणे, घरात लाल्या.

शेजारी क्षिप्रा. नदीच ती, तिला गप्प बसणं ठाऊक नाही. सकाळीच सुरू व्हायची.

"भूताई, लेकाला माझ्यात आंघोळीला पाठवू नकोस हो. काल उतरला तर माझे मासे उकडून वर आले."

"मग खाल्लेस की नाही?"

"इश्श, घरचे मासे कुणी खातं का? बगळ्यांना वाढले. बगळे म्हणाले, मीठ कमी आहे."

भूदेवी हसायची. मागे दाराशी उभा लाल्याही हसायचा, हात पाठीमागे धरून. पण तो वाढला तसा त्याचा तापही वाढत गेला. पुढे हसण्यावारी न्यायचं काही उरलं नाही. कुरणं पिवळी पडली. जमिनीला भेगा गेल्या. गाई आटल्या. माणसांच्या झोपड्यांतून तान्ही पोरं दिवसभर रडायची आणि संध्याकाळी रडायची थांबायची, ते जास्त वाईट. क्षिप्रा सुकून एका धारेवर आली, तिची बडबडही तेवढीच उरली.

एक दिवस शेवटच्या दुभत्या गाईचं वासरू धापा टाकत पडलं. लाल्याला राहवेना. त्यानं कमळाच्या पानातून पाणी नेलं, मान वर करून त्याला पाजायला गेला, आणि वासरू त्याच्या हातातच गेलं. तो ते घेऊन दारात आला. आई दिवा लावत होती. तिनं दारातलं ते बघितलं, हातातली वात खाली पडली, आणि दिवसभराची दमलेली ती बाई बोलून गेली, "ह्याला कुणीतरी उचलून न्या रे. माझी बाकीची तरी जगतील."

क्षिप्रेनं जीभ चावली. "भूताई, तिन्हीसांज आहे."

दिवेलागणीला वास्तुपुरुष घरादारावरून तथास्तु म्हणत फिरतो, हे त्या युगातही होतंच. उलट तेव्हा त्याला कानांनी जास्त ऐकू यायचं. लाल्यानं वासरू अंगणात ठेवलं, त्यावर माती लोटली आणि बाहेर जाऊन बसला. त्या रात्री जेवलाही नाही.

तिसऱ्या दिवशी देवांचे गुरू बृहस्पती आले. पिवळा पीतांबर, पुढे पोट, पोटापुढे पोथी. अंगणात उभे राहून त्यांनी सुरुवात केली.

"हे जगद्धात्री, हे शैलस्तनमंडले, हे समुद्रवसने, ऐक. भगवान आदित्यनारायण ज्या महाचक्राच्या मध्यभागी विराजमान आहेत, त्या चक्रातील एक कक्षा सृष्टीच्या आरंभापासून रिक्त आहे. जो स्वतः अग्नीसारखा तप्त आहे, जो एकटा राहू शकतो, अशाच तेजस्वी पुरुषाला ती—"

"गुरुजी, आधी बसा," क्षिप्रा म्हणाली. "पाट पोळेल जरासा, पण पीतांबर जाड दिसतो तुमचा."

गुरुजी बसले आणि लगेच उठले. पुढचं ते उभ्यानंच आणि साध्या भाषेत बोलले. लाल्याला न्यायला आलो आहोत. आकाशात तो दूर राहील, दुरून त्याच्या तापाची कुणाला बाधा नाही, त्याला ग्रहाचा मान मिळेल. नेम एकच. सूर्याच्या चक्रात शिरलेल्यानं थांबायचं नाही आणि मागे वळायचं नाही.

"म्हणून निरोपाचं काही करू नकोस, देवी. ओवाळणं नको, आणि हातावर दही तर मुळीच नको. दही हातावर पडलं की जाणाऱ्याला परत यावं लागतं. हा नेम तुमच्याच घरचा, आणि तो आम्हा देवांनाही मोडता येत नाही."

भूदेवी म्हणाली, "गुरुजी, मी रागानं बोलले होते. आई बोलते असं. मनात नसतं."

"तथास्तु परत घेता येत नाही," गुरुजी म्हणाले. मग त्यांचाही आवाज उतरला. "आणि खरं सांग, बाई. आज म्हणालीस ठेवून घेते, तर मी वर जाऊन देवांशी भांडेन. घेशील ठेवून?"

ती बाहेर बघत राहिली. भेगाळलेलं कुरण, कोरडी दावण, पलीकडे झोपडीच्या दारात तान्ह्याला थोपटणारी एक बाई. तिच्या तोंडून हो निघेना आणि नाही तर त्याहून निघेना.

"आई, तू काही सांगू नकोस," लाल्या म्हणाला. "मी जातो."

"जातो म्हणू नये रे."

"मग काय म्हणू?"

ती पाणी आणते म्हणून आत गेली. कोनाड्यात एक मडकं होतं. गाय आटायच्या आदल्या दिवशी ओंजळभर दूध दिलं होतं तिनं, ते विरजून त्याचं दही झालेलं. खरवडून काढलं तर पळीभर भरलं. भूदेवीनं क्षिप्रेकडे नुसतं बघितलं. शेजारधर्म म्हणजे काय, तर बोलून दाखवावं लागत नाही.

"गुरुजी," क्षिप्रा लागलीच म्हणाली, "एवढे आलात तर माझा हात बघा ना. सागराकडे नांदायला कधी पोचते?"

"तू नदी आहेस. तुला हात कुठला?"

"लाटेवर भागवा. ही बघा, हिच्यावर विवाहरेषा आहे."

ज्योतिष विचारलं की ज्योतिष्याला बाकी काही दिसत नाही. गुरुजी पोथी उघडून काठावर वाकले. तेवढ्यात भूदेवीनं मागच्या दारी लेकाचा हात ओढून पुढे घेतला आणि तळव्यावर दही घातलं.

"चाट आणि नीघ. पटकन."

लाल्या तळव्याकडे बघत राहिला. दही उकळलं नाही, सुकलं नाही. जन्मात त्याच्या हाताला जे जे लागलं ते सगळं पोळून गेलं होतं. हे तसंच राहिलं.

"आई, हे गार आहे."

"हो रे राजा. चाट आता."

"म्हणजे गार असं असतं होय."

"झालं का, लोहिता?" पुढच्या अंगणातून गुरुजींनी हाक मारली. लाल्यानं मूठ मिटली आणि सवयीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. नेहमीचाच तो उभा राहायचा प्रकार, गुरुजींना शंका यायचं कारण नव्हतं. तो आईच्या पाया पडला तोही हात न लावता, कपाळ मातीला टेकून. आणि चालू लागला.

पाठमोरा गेला म्हणून तिला दिसलं. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. दही त्यानं चाटलंच नव्हतं. खाल्लं तर संपेल, असं त्या खुळ्याला वाटलं. तिच्या ओठांवर हाक आली, पण हाक मारावी तर गुरुजींना कळणार आणि होतं तेही हातचं जाणार. तोंडावर पदर धरून ती उभी राहिली. मूठ दिसेनाशी झाली, मग मनगट, मग तो.

त्यानंतर पाऊस पडला. भेगा मिटल्या, गवत आलं, गाई व्यायल्या, झोपड्यांतली पोरं बाळसं धरू लागली. क्षिप्रा पुन्हा दोन्ही तीरांना भिडून बडबडू लागली. सगळं कसं छान झालं. लाल्याची आठवण कुणी काढेना. भूदेवी रोज विरजण लावायची, दुसऱ्या दिवशी ते आंबट होई, मग कुत्र्याला घालायची.

दोन वर्षं गेली, वर दोन महिने गेले. एका तिन्हीसांजेला ती दिवा लावत होती. पश्चिमेला सूर्य टेकलेला, आणि त्याच्या बरोब्बर समोर, पूर्वेच्या झाडांवर, लाल, मोठा, रोज थोडा जवळ येणारा असा तो उगवला. ती हातातला दिवा घेऊनच अंगणात धावली. आकाशात चालता चालता लाल्या थांबला. मग मागे वळला आणि घराच्या दिशेनं उलटा चालू लागला.

"माझ्या चक्रात कोण थांबलं?" पश्चिमेकडून आदित्यनारायण गरजले.

भूदेवी दोघांच्या मधे उभी राहिली. सूर्याकडे पाठ, लेकाकडे तोंड, पदर दोन्ही हातांनी पसरलेला. सूर्याला तिची पाठ तेवढी दिसावी म्हणून. पण त्याच्यापासून काय लपणार.

"धरित्री, बाजूला हो. त्याच्या हातावर काही घातलं होतंस?"

"दही घातलं होतं," ती म्हणाली. "आई आहे मी. नको म्हटलेलं पहिलं करते."

बृहस्पती धावत आले, घामाघूम. पोथी उलटली, पालटली, आणि खाली मान घालून म्हणाले, "हातावर दही पडलं आहे, त्याला परत येणं भाग आहे. पण ते पोटात गेलेलं नाही. अर्धा विधी, अर्धी वाट. तो असाच येईल, अर्ध्या वाटेत थांबेल आणि पुन्हा मागे फिरेल. आणि त्यानं आता या क्षणी ते चाटलं, तर मात्र तो पुरता घरी येईल. मग त्याला देव अडवू शकत नाहीत, आदित्या, तूसुद्धा."

वरून हाक आली.

"आई, आता खाऊ?"

हो म्हणायला एक श्वास पुरे होता. तेवढ्यात पाठीमागे घंटा वाजली. गुरं घरी येत होती. एक वासरू गाईच्या कासेला लागलेलं, पाय ओल्या गवतात, तोंडाला दुधाचा फेस. पलीकडे झोपडीच्या दारात तीच बाई, मांडीवर तेच पोर, आता बोलायला शिकलेलं. क्षिप्रा शेजारी होती. जन्मात पहिल्यांदा ती गप्प होती.

"नको रे, लाल्या," भूदेवी म्हणाली. "राहू दे मुठीत. खाल्लंस तर संपेल."

"बरं," तो म्हणाला. पहिल्यापासून गुणाचाच तो.

सूर्य म्हणाला, "दर दोन वर्षं दोन महिन्यांनी त्याला येऊ देईन. त्या दिवसांत मी मावळायला आणि तो उगवायला एकच वेळ असेल. देवी, तू अशीच मधे उभी राहा, मी पाठीपलीकडे बघणार नाही. पण माझ्या चक्रात जो उलटा चालला तो वाकडा. लोक त्याला वक्री म्हणतील, त्याला भितील. त्याची स्वतःची भावंडंही त्याचं नाव दबकत घेतील."

तसंच झालं. महादेवांच्या घामाचं आणि भूमीच्या दुधाचं ते पोर, त्याचं नाव मंगळ, म्हणजे शुभ. आणि मुलीच्या पत्रिकेत तोच निघाला की आईबाप घाबरून ज्योतिष्याचं दार गाठतात. वक्री झाला की त्या दिवसांत चांगल्या कामाला हात घालत नाहीत. थोरला भाऊ दारापर्यंत येऊन परत जातो आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. ऐकते ती आई. तिच्याच अंगणात बसून तिचीच लेकरं बोलतात, ती सगळं ऐकते आणि विरजण लावते.

दुर्बिणीतून बघणारे सांगतात, त्या लाल गोळ्याच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसतं. कधी थोडं वाढतं, कधी आक्रसतं, पण संपत म्हणून नाही. बर्फ म्हणे. म्हणोत बापडे. ते विरजलं कुणी, हातावर घातलं कुणी, आणि खाऊ नको म्हणून सांगितलं कुणी, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.