आनंदीआत्याचा भागीदार

एका गावात एक भोळा भाचा होता. त्याचं नाव शिरपा. वय चाळीस, पण आत्याच्या लेखी अजून चारच. त्याला कुणी 'जरा थांब' म्हटलं की तो थांबायचा. 'आता जा' म्हणायला ते विसरले, तर दिवेलागणीपर्यंत तिथेच उभा दिसायचा.

आत्याचं नाव आनंदीबाई. तिची मसाल्याची कांडप गिरणी होती आणि बारा बायका तिथे मिरच्या निवडायला यायच्या. जुना भागीदार थकला आणि टेम्पो घेऊन लेकाकडे राहायला गेला. आता माल बाजारात न्यायचा कसा? होळीपासून मसाल्याचा हंगाम. त्याआधी टेम्पोवाला भागीदार मिळाला नाही, तर गिरणीला कुलूप आणि बारा बायका घरी.

भागीदार मिळत होते, पण आत्याला धास्ती होती. शेजारच्या गावच्या तेलवाल्याने चौकशी न करता भागीदार घेतला, तो निघाला गुंडांच्या टोळीतला. तेलाच्या डब्यांमधून चोरीचा माल फिरला. बिचारा तेलवाला अजून कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे.

"मुलगी देताना करतात ना, तशी चौकशी करायची," आत्या म्हणाली. "माझे गुडघे चालत नाहीत. शिरप्या, तू त्या टेम्पोवाल्या वसंतरावांकडे जा. माणूस टोळीतला नाही ना, तेवढं विचारून ये."

शिरपा गेला. वसंतरावांच्या ओटीवर पाहुणे बसले होते. त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला आले होते. कांदेपोहे चालले होते.

"रामराम," शिरपा म्हणाला. "वसंतराव, तुम्ही गुंडांच्या टोळीत आहात का?"

पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या.

"कोण रे तू?" वसंतराव ओरडले. "चल, चालता हो!"

शिरपा चालता झाला. सरळ घरापर्यंत चालला.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे खुळ्या, ज्याची चौकशी त्यालाच विचारतात होय? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं. तेही हळूच, कानात."

"बरं आत्या."

दुसऱ्या दिवशी शिरपा दुसरे टेम्पोवाले मारुतराव यांच्या गावी गेला. पारावर वीसएक माणसं बसली होती. आत्या 'शेजारीपाजारी' म्हणाली होती, म्हणून त्याने एकालाही सोडलं नाही. प्रत्येकाच्या कानाशी लागून म्हणाला, "मारुतराव टोळीत आहेत का हो? कुणाला सांगू नका."

दुपारपर्यंत गावभर झालं. डेअरीवाल्याने मारुतरावांचं दूध परत पाठवलं. न्हावी अर्धी दाढी करून पळाला. तशा अर्ध्या दाढीनेच मारुतराव आत्याच्या दारात येऊन उभे राहिले. काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "शिरप्या, आता तोंड उघडायचंच नाही. नुसतं बघायचं. माणूस कुठे जातो, कुणाला भेटतो. गुपचूप मागे राहून बघायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"बरं आत्या."

तिसरा टेम्पोवाला कलाप्पा. कलाप्पा देवळात गेला, शिरपा मागे. कलाप्पा विहिरीवर गेला, शिरपा मागे. कलाप्पा सासुरवाडीला जेवायला बसला, शिरपाही त्याच्या पाठीशी दोन पावलांवर मांडी घालून बसला.

"तुमच्यातलं आहे का हे कुणी?" सासूने विचारलं.

"मला वाटलं, तुमच्यातलं," कलाप्पा म्हणाला. मग हातातला घास तसाच ठेवून तो मागे वळला. "कोण आहेस रे? काय पाहिजे?"

शिरपा एक शब्द बोलला नाही.

"टोळीचा माणूस माझ्या मागावर आहे!" असं ओरडत कलाप्पा जो सुटला, तो थेट पोलीस ठाण्यात. शिरपाही मागोमाग ठाण्यात. त्यामुळे पोलिसांना त्याला शोधायला जावं लागलं नाही.

फौजदारांनी नाव विचारलं. शिरपा गप्प. गाव विचारलं. गप्प. शेवटी कुणीतरी ओळखलं आणि आत्याला निरोप धाडला. गुडघे चोळत आत्या आली, हात जोडून त्याला सोडवलं.

बाहेर येताच ती म्हणाली, "विचारलं तर बोलावं रे माणसाने! आणि आता मला असली अनोळखी माणसं नकोत. ज्याला पोलीससुद्धा नावागावासकट ओळखतात, असा कुणी आण. होळी पंधरा दिवसांवर आली."

शिरपाचे डोळे चमकले. तो तसाच परत ठाण्यात गेला. भिंतीवरच्या फळ्यावर मधोमध एका माणसाचा फोटो त्याने मघाशीच पाहिला होता.

"हवालदारसाहेब, याला ओळखता?"

"भरमूला? अरे, त्याच्या गालावरचा तीळसुद्धा ओळखतो! दहा वर्षं साहेब झोपेतदेखील त्याचंच नाव घेतात."

"आणि खाली काय लिहिलंय?"

"दिसला तर कळवा, बक्षीस मिळेल."

ज्याच्या नुसत्या दिसण्यावर सरकार बक्षीस देतं, त्याच्याहून मोठा माणूस कोण? शिरपाने गालावरचा तीळ पक्का ध्यानात ठेवला. सोमवारच्या बाजारात भज्यांच्या गाडीवर तोच तीळ दिसला.

"रामराम भरमूदादा! ठाण्यात तुमचा फोटो बघितला. काय छान लावलाय! आमच्या आत्याशी भागीदारी करता का?"

भरमूच्या हातातलं भजं पडलं. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "लपायला... म्हणजे राहायला खोली मिळेल का?"

शिरपाने त्याला घरी आणलं. आत्याला माणूस बरा वाटला. अदबीने बोलत होता, तीन टेम्पो आहेत म्हणाला.

"नीट चौकशी केलीस ना?"

"ठाण्यातच केली आत्या. साहेब दहा वर्षं ओळखतात. बक्षीससुद्धा लावलंय त्यांच्यावर."

आत्याच्या हातातला चहा सांडला. पण बाई धीराची. "पाहुण्यांना मिरचीची खोली दाखवते," असं म्हणून तिने भरमूला आत घातलं आणि बाहेरून कडी लावून ठाण्यात निरोप धाडला. पोलीस आले तेव्हा भरमू शिंकत होता. बेड्या घातल्या तरी शिंकत होता. जीपमधून नेताना वेशीपर्यंत शिंका ऐकू येत होत्या.

आत्याचं नाव तालुकाभर झालं. फौजदारांना बढती मिळाली आणि ते बदलून गेले. स्वतः वसंतराव राग विसरून आले.

"आनंदीबाई, तुमच्याशी भागीदारी करायला मी तयार आहे. उद्या टेम्पो घेऊन येतो. पण रागावू नका, येताना मीही ठाण्यात जरा तुमची चौकशी करीन म्हणतो."

"खुशाल करा!" आत्या हसली.

शिरपाला मात्र घोर लागला. आत्याला ठाण्यात ओळखतात का नीट? फळ्यावर तर तिचा फोटोच नाही! पण भरमूच्या फोटोची जागा आता रिकामी झाली होती. बचत गटाच्या फॉर्मचा आत्याचा एक फोटो उरला होता, तो घेऊन शिरपा ठाण्यात गेला. मधोमध चिकटवला. खालचं भरमूचं नाव खोडून आत्याचं नाव, गाव, पत्ता नीट अक्षरात लिहिला. त्याखालचं बाकी सगळं छापलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याने दारात रांगोळी काढली. बारा बायका नव्या लुगड्यांत आल्या. नारळ फोडायची तयारी झाली. एवढ्यात वेशीतून वसंतरावांचा टेम्पो आला. शेजारी हवालदार, मागे चार पोलीस. वसंतराव मान वर करीनात.

"आनंदीबाई, तुम्ही दिसल्याची खबर द्यायला सकाळपासून तेरा माणसं येऊन गेली," हवालदार ओशाळून म्हणाला. "पहिले हेच, वसंतराव. मी नव्या साहेबांना परोपरीने सांगितलं. पण ते म्हणतात, फोटो फळ्यावर आहे ना? मग बाईंना घेऊन या. जीप बिघडलीय, म्हणून टेम्पो आणला."

आत्याने शिरपाकडे पाहिलं. शिरपाने नारळ उचलला आणि टेम्पोच्या चाकापुढे खाडकन फोडला.

"बघ आत्या," तो म्हणाला, "होळीच्या आधी आला की नाही टेम्पो?"