दगड कुठल्या अंगाला पडले

“ताईत पोरीच्या गळ्यात बांधू, की दाराला?”

मथुरानं हे तिसऱ्यांदा विचारलं. लतीफशा फकीर चुलीत काटक्या सारत राहिला.

खाडीच्या तोंडावर जुना फिरंगी कोट आहे, सगळा पडलेला. त्यातला एक बुरूज तेवढा धड. त्याच्या पोटात हा फकीर राहायचा. लोक येऊन आपलं दुखणं सांगायचे.

“ऐकताय ना, बाबा? कोणीतरी माझ्या घराची कुडाची भिंत पोखरतंय. चार दिवस झाले. शेवंती निजते नेमका तोच कोपरा. आधी नुसता हात जात होता. आज सकाळी बघते तर डोकं जाईल एवढं भोक!”

“शेवंती केवढी?”

“सातवं सरलं. थोरला खाडीत बुडाला ना... तेव्हापासून हिला मी उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नाही. शाळा नाही, खेळणं नाही. मासळी विकायला जाते तेव्हा बाहेरून कुलूप. माझ्यासारखी पोर राखणारी दुसरी आई दाखवा मला या गावात!”

“बाय, तुझ्यात फिरंगी शिरलाय,” फकीर म्हणाला.

“थट्टा नको, बाबा. माझी पोर न्यायला टपलंय कोणीतरी.”

फकीर गुडघ्यावर हात टेकून उठला. “चल. कोट बघू.”

“मला काय करायचाय कोट? पोर एकटी आहे घरात.”

“म्हणून तर चल.”

आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं. दोघं तटाच्या कडेनं चालू लागली. एका जागी फकीर थांबला.

“खालून वर बघत जा. काय दिसतं?”

तिला बघावंच लागलं. “खाली काळा दगड. चांगला घडवलेला. मग जांभा. आणि पार वरती... नुसते गोटे. कसेतरी रचलेले.”

“खालचं गवंड्यानं बांधलं. वरचं भीतीनं.”

मथुरानं मान वर करून ते गोटे पुन्हा पाहिले.

“फिरंग्यांचा किल्लेदार होता इथं. एकदा समुद्रावरून हल्ला झाला. चार माणसं गेली त्याची. त्यानं समुद्राकडचा दरवाजा चिणला. पुढच्या वर्षी खिडक्या चिणल्या. ते बघ.”

खिडकीच्या कमानीवर दगडात कोरलेली फुलं होती. कमानीच्या आत मात्र चुना आणि दगड ठासून भरलेले. पलीकडं फिरंग्यांचं देऊळ होतं. छप्पर नव्हतं, भिंती उभ्या होत्या. त्याच्याही खिडक्या तशाच बुजवलेल्या.

“देवळाच्यासुद्धा? मग उजेड कुठून यायचा आत?”

“हेच कोणीतरी त्यालाही विचारलं असेल.”

फकीर पुढं निघाला. मागच्या तटाला मोठं भगदाड होतं, बैलगाडी जाईल एवढं. त्यातून खाडीचं गढूळ पाणी दिसत होतं. मथुरानं तिकडं बघायचं टाळलं.

“इथून शिरले वाटतं वैरी,” ती म्हणाली.

“दगड कुठल्या अंगाला पडलेत?”

ती भगदाडातून वाकून बघू लागली. बाहेर उतारावर, गवतात, दगडांचा खच पडला होता. काही तर पार पाण्यापर्यंत घरंगळत गेलेले. तिनं मागं वळून पाहिलं. आत एक दगड नव्हता.

“बाहेर...”

“वैऱ्यानं फोडला असता, तर आत पडले असते.”

“मग फोडला कोणी?”

“ज्यांना तो राखत होता, त्यांनी.”

वारा भगदाडातून आत आला. मथुरानं पदर घट्ट ओढून घेतला.

“आणि तो किल्लेदार?”

“तो पुढच्या दरवाज्यात उभा होता. तलवार उपसून. रिकाम्या कोटाची राखण करत... किती दिवस, कोणाला ठाऊक.”

फकीर तिच्याकडं वळला.

“बाय, तुझ्या कुडाची माती कुठं पडत होती?”

मथुरानं आठवून पाहिलं. चारही दिवस ती माती तिनंच झाडली होती. अंगणातून... कुडाच्या बाहेरून. आणि काल जेवायला बसताना शेवंतीची नखं लाल मातीनं भरलेली होती. घासून घासून धुताना तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटाही घातला होता. पोर रडली नव्हती.

“आई गं...”

कमरेला खोचलेली किल्ली तिनं ओढून काढली.

“जाते, बाबा. आधी कुलूप काढते. आत्ता जाऊन काढते...”

ती उतारावरून धावत निघाली. फकिरानं मागून हाक मारली.

“मथुरे! कुलूप काढण्याआधी दार वाजव. कोणी ओ देतं का बघ.”