घरच्या अभ्यासाची परीक्षा

वेळगडच्या राजाने गावातली शाळा कायमची बंद करायचं ठरवलं, आणि त्याला कारण झाली मुलांची हुशारी.

झालं असं. वादळात शाळेचं छप्पर उडालं. डागडुजीला दीड महिना लागणार होता. राजा अजितपाळ मोठा हौशी आणि तितकाच हट्टी. त्याने दवंडी पिटवली : दहा ते बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाने या दिवसांत घरी बसून आपल्या हाताने एक वस्तू बनवावी, बनवता बनवता शिकावं, आणि मोठ्यांनी मधे पडू नये.

दीड महिन्याने सगळ्या वस्तू राजवाड्याच्या चौकात मांडल्या गेल्या, तेव्हा बघणारे थक्क झाले. सोनाराच्या मुलाने चांदीच्या तारेचा मोर केला होता, पिसाऱ्यावर मोजून दोनशे डोळे. वैद्यांच्या मुलाने शंभर वनस्पती गोळा करून प्रत्येकीचे गुण संस्कृत श्लोकात लिहिले होते, आणि एकाही श्लोकात मात्रा चुकली नव्हती. मधोमध राजपुत्राचा लाकडी किल्ला. त्याचे दरवाजे खरोखर उघडत आणि मिटत होते.

कडेला काही ओबडधोबड वस्तूही होत्या. मायाप्पा धनगराच्या अकरा वर्षांच्या हौसाने अर्ध्या करवंटीला बारीक भोक पाडून घड्याळ केलं होतं. पाण्यावर ठेवली की करवंटी हळूहळू भरून बुडायची, आणि ती किती वेळा बुडाली त्यावरून वेळ कळायची. भोक नेमकं जमेपर्यंत हौसाच्या नऊ करवंट्या वाया गेल्या होत्या. त्या करवंटीपाशी मात्र कुणी थांबलं नाही.

राजाने चौकात फेरी मारली आणि खूश होऊन आसनावर बसला.

"गुरुजी, तुम्ही पाच वर्षं शिकवताय. तुमच्या शाळेत असा एक तरी मोर झाला?"

"नाही, महाराज," शिवदेव गुरुजी म्हणाले.

"मग शाळा हवी कशाला? मुलं घरीच जास्त शिकतात. उद्यापासून त्या इमारतीत माझे घोडे बांधा."

शाळा म्हणजे हौसाला दिवसाचे चार तास सावली आणि हवे तेवढे प्रश्न. शाळा गेली की दिवसभर मेंढरं, आणि मेंढरं काही प्रश्नांना उत्तरं देत नाहीत.

गुरुजींनी धीर केला. "महाराज, रागावू नका. यातल्या बऱ्याच वस्तू मुलांच्या हातच्या नाहीत. घरातल्या मोठ्यांनी..."

पुढचं गलक्यात बुडालं. "मी नुसता शेजारी बसलो होतो," सोनार म्हणाला. "आमच्या घराण्यात मुलं जन्मतःच श्लोक रचतात," वैद्य म्हणाले.

राजाने हात वर केला. "राजपुत्राचा किल्लासुद्धा?"

गुरुजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले.

राजाचा चेहरा लाल झाला. "मग दाखवा सिद्ध करून. कोणती वस्तू कुणी केली, ते दुपारच्या नौबतीआधी मला कळलं पाहिजे. पण कुणाला एकही प्रश्न विचारायचा नाही आणि कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. नाही जमलं तर शाळा बंद."

गुरुजींनी घाम पुसला. नौबतीला फार वेळ नव्हता. तेवढ्यात हौसा पुढे आली.

"महाराज, गुरुजींच्या ऐवजी मी दाखवलं तर चालेल?"

"अटी त्याच राहतील."

"राहू द्या. फक्त मी ज्यांना बोलावेन त्यांना पहारेकऱ्यांनी दारात अडवू नये."

साक्षीदार बोलावत असेल, असं राजाला वाटलं. त्याने मान डोलावली.

हौसाने दोन बोटं तोंडात घातली आणि लांबलचक शीळ घातली.

राजवाड्यामागच्या तळ्यावर मायाप्पा कळपाला पाणी पाजत होता. ओळखीची शीळ कानावर पडताच साठ मेंढरं एकदम वळली आणि धुरळा उडवत थेट चौकात शिरली. पहारेकरी हुकमाप्रमाणे बाजूला उभे राहिले.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सोनाराने मोरावर अंग टाकलं. त्याचा मुलगा खांबावर चढून टाळ्या पिटत होता. वैद्य वनस्पती पोटाशी धरून "अडुळसा! माझा अडुळसा!" म्हणत एका एडक्याशी झटत होते; त्यांचा मुलगा त्या एडक्याला आणखी पाला दाखवत होता. माळ्याच्या मुलीने मात्र स्वतः धावत जाऊन आपली मोड आलेल्या बियांची मडकी उचलली. हौसा हात न लावता आपल्या करवंटीपुढे आडवी उभी राहिली आणि तिने दुसरी शीळ घातली. आली तशी मेंढरं निघून गेली.

धुरळा खाली बसला.

"हा काय धिंगाणा?" राजा गरजला. "माझं उत्तर कुठं आहे?"

"ज्याच्या त्याच्या हातात आहे, महाराज."

जो तो आपल्या हातांकडे पाहू लागला. राजानेही पाहिलं. तो आसनावर नव्हता. चौकाच्या मधोमध उभा होता, आणि त्याने लाकडी किल्ला दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. राजपुत्र पायरीवर बसून मागे राहिलेल्या एका कोकराचा गळा खाजवत होता.

कुणाची हसायची छाती होईना. मग किल्ल्याखालून राजाचंच हसू फुटलं. तो इतका हसला की किल्ल्याचे दरवाजे खडखडले.

"गुरुजी, या बिजागरीपायी माझा अंगठा चेचलाय," तो म्हणाला. "शाळा उद्यापासून भरवा. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"मी शाळेत असताना मेंढरं राखायला कुणीतरी द्या, महाराज."

राजाने सोनाराकडे पाहिलं, वैद्यांकडे पाहिलं, मोर आणि श्लोक कवटाळून उभ्या असलेल्या सगळ्या आईबापांकडे पाहिलं.

"ही मंडळी दीड महिना रिकामीच होती," तो म्हणाला. "रोज एकेकाची पाळी लावा. सोमवारी मी जातो."