शिक्क्याआधीचा घोट

एकदा काय झालं, आपल्या पणज्याच्या पणज्यालाही आठवणार नाही अशा जुन्या काळी, मोहाच्या झाडांनी भरलेलं एक राज्य होतं. तिथे दारू गाळायला बंदी नव्हती, पण आवो जावो घर तुम्हारा असाही कारभार नव्हता. विकायच्या प्रत्येक मडक्याच्या तोंडावर लाखेचा सरकारी शिक्का हवा. आणि शिक्क्याआधी गाळणाऱ्याने एक घोट घ्यायचा, मग शिक्का मारणाऱ्यानेही घ्यायचा.

हा शिक्का होता सगुणाबाईकडे. विषारी दारूने तिचा नवरा गेला, तेव्हाच राजाने हा नियम केला आणि शिक्का तिच्या हाती दिला. बाई मोठी खमकी! तिच्यापुढे भल्याभल्यांची मिजास उतरायची. तेव्हापासून राज्यात दारूने एकही माणूस दगावला नव्हता, आणि याचा तिला कोण अभिमान!

पुढे युवराजाचं लग्न निघालं. दारूचा मक्ता राणीच्या भावाने घेतला. राजाचा मेहुणा तो, मग काय विचारता! मडकी आली, पण घोट घ्यायला तो तयार होईना. राजघराण्यातल्या माणसाने का चावडीवर बसून प्यायचं, असं म्हणाला. सगुणाबाईने शिक्का मारला नाही.

वऱ्हाड वेशीशी आलेलं, राणी रुसलेली. राजा वैतागला. त्याने सगुणाबाईकडून शिक्का परत मागितला. म्हणाला, मीच मारतो.

शिक्का गेला तर नवऱ्यासारखी आणखी किती माणसं जातील, हेच तिच्या मनात आलं. तरी तिने तो राजापुढे ठेवला.

"शिक्का आपलाच आहे, महाराज. पण जो मारेल त्याने आधी घोट घ्यायचा, हा नियमही आपलाच आहे."

राजा हट्टाला पेटला. त्याने पेला भरून ओठांशी नेला, तोच मेहुण्याने झडप घालून त्याचा हात धरला.

"नका पिऊ, दाजी. झिंग चढावी म्हणून धोतऱ्याचं बी घातलंय त्यात."

राजाने पेला भिरकावून दिला. मग त्याने मडकी खड्ड्यात ओतायला लावली, मेहुण्याला कोठडी दाखवली आणि शिक्का स्वतः सगुणाबाईच्या ओंजळीत ठेवला.

लग्नात पाहुण्यांना पन्हं मिळालं. एवढ्या मोठ्या राजाच्या मांडवात दारूचा थेंब नाही, म्हणून व्याह्यांनी खवचटपणे टोमणा मारला. राजाने भर मांडवात सगुणाबाईला पुढे बोलावलं.

"व्याहीबुवा, ही आमची शिक्केवाली. ही राजालाही सूट देत नाही, म्हणून आज तुम्ही धडधाकट घरी जाल."

मांडवभर माणसं उभी राहिली, आणि सगुणाबाईची मान आणखी ताठ झाली.

तात्पर्य: जो नियम राजाला अडवतो, तोच प्रजेला तारतो.