शिंपिणीचा कापूस जीपच्या जाळीवर

गॅरेजच्या कुंपणाशी बदामाचं झाड.
झाडाला मोठी मोठी पानं.
त्यातली दोन पानं एकमेकांना शिवलेली.
कुणी शिवली? शिंपिणीनं शिवली!

शिंपीण म्हणजे एक पाखरू. इवलंसं. तुझ्या मुठीत मावेल एवढं.
चोच सुईसारखी. शेपटी उभी.
तिनं पानं शिवली. घरटं झालं. आता आत गादी हवी होती.
कारण अंडं यायचं होतं. आजच यायचं होतं!

शिंपीण शेवरीच्या झाडाकडे गेली. तिथून कापूस घेतला. मऊ मऊ. पांढरा पांढरा.
चोचीत धरला. भुर्र भुर्र निघाली.

गॅरेजात एक जीप उभी होती. जागची हलत नव्हती. पण ओरडत होती केवढी!
घुंईंईं! घुंईंईं!
तिच्या पोटात पंखा फिरत होता. गरागरा, गरागरा.
पंख्यानं वारा ओढला. वाऱ्यानं कापूस ओढला.
कापूस चोचीतून सुटला आणि... थाप!
जीपच्या जाळीला चिकटला.

शिंपिणीनं चोचीनं ओढला. सुटेना.
पुन्हा ओढला. सुटेना.
वारा तिलाच ओढायला लागला! घाबरून ती मागे उडाली.

मग ती जीपच्या आरशावर बसली. म्हणाली,
"जीपबाई, जीपबाई, हळू हो ना!
कापूस मला मिळेना!"

जीप म्हणाली, "घुंईंईं! मी कशी हळू होऊ? उभी आहे, तरी पळाल्यासारखी धापा टाकतेय. माझी वायर अडकलीय. वायर सुटू दे, मग मी हळू होईन."

भुर्र भुर्र शिंपीण गेली. जीपचं बॉनेट उघडंच होतं. त्याच्या कडेवर बसली. आत वाकून म्हणाली,
"वायरताई, वायरताई, सूट ना!
जीप हळू होईना,
कापूस मला मिळेना!"

वायर म्हणाली, "करकर! मी कशी सुटू? जीपवाल्या काकांनी पेडलवर पाय दाबला की मी पुढे जाते. पाय उचलला की मागे येते. आज पुढे गेले, ती तिथेच अडकले. कोरडी पडलेय मी. बुधलीतलं तेल मिळू दे, मग मी सुटेन."

भुर्र भुर्र शिंपीण गेली. फळीवर तेलाची बुधली होती. पोट गोल. तोंड लांब. शिंपीण म्हणाली,
"बुधलीबाई, बुधलीबाई, वाक ना!
वायर सुटेना,
जीप हळू होईना,
कापूस मला मिळेना!"

बुधली म्हणाली, "डुबुक! मी कशी वाकू? मला हात आहेत का? मला जुबेदाआपा वाकवतात. आपा उठू देत, मग मी वाकेन."

भुर्र भुर्र शिंपीण गेली.
जुबेदाआपा म्हणजे गॅरेजच्या मिस्त्री. सकाळपासून ट्रकखाली झोपून त्यांनी नट आवळले होते. आता बाकावर बसल्या होत्या. पाय लांब केले होते. डोळे मिटले होते.
शेजारी जीपवाले गंगारामकाका होते. कानात बोटं घालून बसले होते.
शिंपीण म्हणाली,
"आपा, आपा, उठा ना!
बुधली वाकेना,
वायर सुटेना,
जीप हळू होईना,
कापूस मला मिळेना!"

गंगारामकाका म्हणाले, "आपा, जीप बंद करू का हो?"
आपा म्हणाल्या, "नको काका, चालू राहू द्या. आवाज ऐकूनच तर मला तिचं दुखणं कळतं." मग डोळे मिटूनच शिंपिणीला म्हणाल्या, "पण चहाशिवाय मी कशी उठू गं? पाठ अगदी मोडून गेलीय. चहा उकळू दे, मग मी उठेन."

भुर्र भुर्र शिंपीण गेली. रस्त्यापलीकडे मैनाकाकूंची टपरी होती. शिंपीण म्हणाली,
"काकू, काकू, चहा उकळा ना!
आपा उठेनात,
बुधली वाकेना,
वायर सुटेना,
जीप हळू होईना,
कापूस मला मिळेना!"

काकूंनी रिकामं पातेलं दाखवलं. म्हणाल्या, "चहा कसा उकळू, बाळा? थेंबभर दूध नाही. शेळी दूध देऊ दे, मग मी चहा उकळेन."

भुर्र भुर्र शिंपीण गेली. टपरीमागे काकूंची शेळी बांधली होती. शिंपीण म्हणाली,
"शेळीमावशी, दूध दे ना!
चहा उकळेना,
आपा उठेनात,
बुधली वाकेना,
वायर सुटेना,
जीप हळू होईना,
कापूस मला मिळेना!"

शेळी म्हणाली, "में! मी कशी दूध देऊ? माझं करडू कुठेतरी गेलंय. सकाळपासून दिसलं नाही. जीव थाऱ्यावर नाही माझा. करडू येऊ दे, मग मी दूध देईन."

भुर्र भुर्र शिंपीण उडाली. इकडे शोधलं. तिकडे शोधलं. नाल्याशी शोधलं. भिंतीमागे शोधलं.
गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग होता. एका टायरातून दोन कान बाहेर आले होते.
करडू! अंग चोरून बसलेलं!

शिंपीण म्हणाली,
"करडा, करडा, घरी चल ना!
शेळी दूध देईना,
चहा उकळेना,
आपा उठेनात,
बुधली वाकेना,
वायर सुटेना,
जीप हळू होईना,
कापूस मला मिळेना!"

करडू म्हणालं, "ब्यां! मी कसं येऊ? ती जीप ओरडते. मला भीती वाटते. जीप हळू होऊ दे, मग मी येईन."

जीप?
जीप तर वायरीसाठी अडली होती. आणि करडू जीपसाठी अडलं होतं!
आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

शिंपीण टायरावर बसली. पोटात अंडं जड झालं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
करडानं विचारलं, "तुला रडू येतंय?"
"हो."
"मलाही."

शिंपिणीनं करडाकडे पाहिलं. ते टायरात आणखी आत सरकलं होतं.
ती म्हणाली, "मी तुझ्या डोक्यावर बसू का? तुझ्या कानाशी गाते. तू फक्त माझं ऐक. जीपचं ऐकू नकोस."
"तू एवढीशी. मला ऐकू येईल?"
"बघ तरी!"

शिंपीण करडाच्या डोक्यावर बसली. दोन कानांच्या मधोमध. आणि गायला लागली.
टुवी! टुवी! टुवी! टुवी!
बाप रे, केवढा मोठ्ठा आवाज! एवढ्याशा पाखराचा एवढा आवाज!

जीप म्हणाली, घुंईंईं!
शिंपीण म्हणाली, टुवी टुवी टुवी!

करडानं एक पाय बाहेर काढला. मग दुसरा. मग उडी मारली. टुणुक!
डोळे गच्च मिटून चाललं. टुणुक टुणुक.
जीपच्या शेजारून गेलं. टुणुक टुणुक टुणुक!
शिंपीण गातच राहिली. रस्ता आला तेव्हा म्हणाली, "आता डोळे उघड." करडानं डोळे उघडले.
समोर आई!

"में!"
"ब्यां!"
शेळीनं करडाला चाटलं. कान चाटले. नाक चाटलं. पुन्हा कान चाटले.

मग काय!
करडू आलं, शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र. आधी करडाला, मग काकूंच्या भांड्यात.
दूध आलं, चहा उकळला. खळखळ खळखळ. काकूंनी आलंसुद्धा घातलं.
चहा आला, आपांनी डोळे उघडले. फुंकर मारली. फुर्र. घोट घेतला. सुर्र.
"हं. आता बघू या," म्हणाल्या. आणि उठल्या!

आपा जीपपाशी गेल्या. कान दिला. वायरीला बोट लावलं.
"अगं बाई, किती कोरडी पडलीयस तू! म्हणून अडकलीस होय?"
आपांनी बुधली उचलली.
बुधली वाकली. टप टप, टप टप.
वायर भिजली. आपांनी तिला पुढे नेलं. मागे आणलं. पुढे नेलं. मागे आणलं.
वायर सुटली. सर्रर्रकन!

आणि जीप?
घुंईंईं... घुंईं... घुं...
धुक् धुक्. धुक् धुक्. धुक् धुक्.
जीप हळू झाली!

"हुश्श!" जीप म्हणाली.
"हुश्श!" गंगारामकाकांनी कानांतली बोटं काढली.
मैनाकाकू टपरीतून ओरडल्या, "अहो आपा, आता रेडिओ ऐकू येतोय बघा!"

पंखाही हळू फिरायला लागला. वारा हळू झाला.
जाळीवरचा कापूस हलला. सुटला. तरंगत तरंगत खाली आला.
शिंपिणीनं तो वरच्यावर झेलला!
थोडा काळा झाला होता एका कोपऱ्याला. पण मऊ होता. अगदी मऊ.

भुर्र भुर्र शिंपीण घरी गेली. कापूस आत घातला. चोचीनं पसरला. छातीनं दाबला. गोल गोल फिरली. मग त्यात बसली. पंख सैल सोडले.

आणि अंडं आलं. एवढंसं. निळसर. वर तांबडे ठिपके.
कापसावर आलं. इतकं अलगद, की जरासुद्धा आवाज झाला नाही.