बृहस्पतीची दहा मिनिटं

"आणि जमीन केव्हा लागली?" मुकुंदबुवांनी विचारलं.

"बृहस्पतीला जमीनच नाही, बुवा. वर ढग, खाली वायू, त्याच्याही खाली आणखी दाट वायू. आमची कुपी खाली जाता जाता तासभर बोलली. मग दाबानं चिरडली... आणि गप्प झाली."

हे सांगतानाही श्रीरंगची मान ताठ होती. यानातून सोडलेल्या त्या कुपीत वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र त्याचं होतं. जगभर नाव झालं होतं. आता बुवांनी एकदा शाबास म्हणावं, एवढ्यासाठी तो चोवीस वर्षांनी टेकडीवरच्या या मठीत आला होता. सोबत यानानं काढलेलं बृहस्पतीचं भलंमोठं छायाचित्र. त्यातला तांबडा डाग एवढा, की आपली अख्खी पृथ्वी त्यात बुडून जावी.

बुवांनी छायाचित्रावर हात फिरवला.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

तेव्हा कुठे या शहाण्याच्या ध्यानात आलं. बुवा डोळे मिटून ऐकताहेत, असंच तो इतका वेळ समजत होता.

"केव्हापासून, बुवा?"

"झाली सहा वर्षं."

दर वर्षी श्रीरंग यायचं ठरवायचा आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

दुर्बिणीतून ग्रहाचं चित्र काढायला तो इथंच शिकला होता. बुवांचा नियम कडक. पेन्सिल कागदाला लागली की दहा मिनिटं, मग खाली ठेवायची. बृहस्पती दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. आपण काढत बसलो तर समोरचं सरकून जातं. पण श्रीरंगचा हात चांगला, आणि त्याला ते पक्कं ठाऊक. एकदा तो तांबडा डाग कडेवरून मध्यावर येईपर्यंत बसून राहिला, आणि आधीच काढलेल्या चित्रात तो ऐटीत बसवून दिला.

असा बृहस्पती कधीच नव्हता, एवढंच बुवा म्हणाले होते. श्रीरंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सकाळी वळकटी बांधली आणि पाठ फिरवली ती फिरवलीच.

"चुकलं माझं," श्रीरंग आता म्हणाला. "तुम्हाला दिसत होतं, तेव्हाच यायला हवं होतं."



बुवांनी चाचपडत कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"काढ."

"भरदुपारी? काय काढू, बुवा?"

"मी बसलोय ना समोर."

श्रीरंग काढू लागला. कपाळ, आत गेलेले गाल, विरळ दाढी. दहा मिनिटं होताच त्यानं मुकाट्यानं पेन्सिल ठेवली.

"डोळे कसे काढलेस?"

श्रीरंगनं कागदाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आजच्या सुरकुतलेल्या तोंडावर त्यानं चोवीस वर्षांपूर्वीचे टक्क उघडे डोळे काढले होते. कसे, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"उघडे..." तो कसाबसा म्हणाला, आणि खोडरबर शोधू लागला.

बुवांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. तू माझ्या डोळ्यांत शेवटचं पाहिलंस ते तेव्हाच."