पांढऱ्या महालातल्या गोगलगाई

एका राज्यात पक्षी बोलत आणि माणसं क्वचितच ऐकत. तिथल्या प्रतापकेतू राजाचा महाल असा पांढराशुभ्र की भरदुपारी बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. भिंतींना शंखांचा चुना होता, आणि तो भाजला होता रखमाजी चुनेकऱ्याने. त्या रखमाजीची लेक सगुणा हीच राजाची राणी. तिच्या लग्नासाठीच तर महाल उभा राहिला होता! तिचा मुलगा नीळकेतू चार वर्षांचा, आणि त्याचे पाय घटकाभर जमिनीला टेकत नसत.

एका सकाळी सगुणा मुदपाकखान्यात शिरली आणि तिचा पाय सर्रकन घसरला. बघते तो काय, फरशीवर बिनशंखाची गोगलगाय! रांजणावर चार, तुपाच्या बुधलीवर सात, आणि दरबारात सिंहासनावर एक, महाराजांच्या आधीच येऊन बसलेली. दासी किंचाळल्या. सगुणेला हसू फुटलं, पण ते ओठांवरच राहिलं. नीळकेतूच्या तळपायांवर चकाकता माग उठला होता, आणि तेवढे पाय चुन्यासारखे पांढरे नि कडक झाले होते.

"आईसाहेब, पाय हलत नाहीत," बाळराजे म्हणाले.

राजा खवळला. त्याने मिठाचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि सातही उंबऱ्यांवर मीठ पसरलं. मीठ लागलेली गोगलगाय आक्रसली, तिचा थेंब झाला, आणि त्या थेंबाच्या दोन गोगलगाई झाल्या. संध्याकाळी बाळ गुडघ्यापर्यंत पांढरा पडला.

दुसऱ्या दिवशी कालंजय मांत्रिक आला. मोठ्या रुबाबात त्याने महालाभोवती राखेची रेघ ओढली. "ही ओलांडेल तो भस्म होईल," तो म्हणाला आणि मानधनाचा विडा घ्यायला आत वळला. त्याच्या पगडीवर बसून नऊ गोगलगाई त्याच्याबरोबरच आत आल्या. बाळ कमरेपर्यंत पांढरा पडला.

तिसऱ्या दिवशी पांढरेपणा छातीशी पोचला. सगुणेने बाळाच्या काळजावर हात ठेवला. अजून ऊब होती, पण किती वेळ?

खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. "राणी, या गोगलगाई तुझ्या घरात शिरलेल्या नाहीत. त्या आपल्या घरी आल्या आहेत."

सगुणेच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला सगळं आठवलं. चुनेकऱ्यांची रीत अशी, की भट्टीत घालण्याआधी प्रत्येक शंखावर तीनदा टकटक करायची आणि विचारायचं, "घरात कोणी आहे का?" आतून शिंगं डोकावली तर तो शंख झऱ्यावर नेऊन सोडायचा. पण लग्नाचा मुहूर्त तोंडावर आला होता, शंखांचे ढीग पडून होते, आणि तीच बापाला म्हणाली होती, "बाबा, राहू द्या ते विचारणं. किती उशीर लावता!" शंख तसेच भट्टीत गेले. आतल्या गोगलगाई उघड्या अंगाने जीव घेऊन पळाल्या होत्या.

"माझ्यामुळे झालं हे सगळं!" ती रडत म्हणाली. "उपाय सांग, पक्ष्या."

"मीठ ज्याने पसरलं त्याने उचलावं. रेघ ज्याने ओढली त्याने पुसावी. आणि जे विचारायचं जिने राहू दिलं, तिने ते विचारावं."

"आणि माझा महाल?" राजाने विचारलं.

"तो असा राहणार नाही."

राजाने एकदा भिंतींकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "दरबार वडाखाली भरवू," तो म्हणाला, आणि मुकुट बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसला. सात उंबऱ्यांचं मीठ त्याने कणाकणाने वेचलं. मांत्रिकाने आधी नाक मुरडलं. राणीने नुसतं त्याच्याकडे बघितलं, तसा तो उपरण्याने रेघ पुसत महालाला धावत प्रदक्षिणा घालू लागला.

सगुणेने पदर खोचला आणि भिंतीवर मूठ आपटली. एक! दोन! तीन!

"घरात कोणी आहे का?"

भिंत थरथरली. तुळया करकरल्या. आणि चारही बाजूंनी हजार बारीक आवाज एकदम उठले, "आहे! आहे! आहे!"

चुना भिंती सोडून निघाला. ढलपी ढलपी हवेतच वळत गेली आणि टपटप शंख पडू लागले. पांढरे, तपकिरी, हरभऱ्याएवढे, मुठीएवढे! प्रत्येक गोगलगाय न चुकता आपल्याच शंखाकडे सरपटली आणि सुळकन आत शिरली. इकडे बाळाच्या छातीवरचं पांढरं उतरलं, मग कमरेवरचं, मग गुडघ्यांवरचं. सगुणा हसत होती आणि रडतही होती.

महालाच्या भिंती उघड्या दगडांच्या झाल्या. राजाने पुन्हा चुना लावला नाही. रखमाजीच्या भट्टीवर पुन्हा टकटक सुरू झाली, घाई कितीही असो. आणि सगळे शंख टोपल्यांत भरून राजा-राणी झऱ्याकडे निघाली, तेव्हा एक शंख उंबऱ्यावरच राहिलेला नीळकेतूला दिसला. त्याने तो उचलला आणि बोटाने तीनदा वाजवला.

"घरात कोणी आहे का?"

दोन इवलीशी शिंगं बाहेर आली.

"आईसाहेब, आहे! आहे!" असं ओरडत, त्याच दोन पायांनी उड्या मारत, तो टोपल्यांमागे पळत सुटला.